धर्मानंद कोसंबी : बरे-वाईट मोजायला एक माप पुरते का?

४ जून हा आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा स्मृतिदिन. आपल्या विहारांच्या वार्षिक कार्यक्रमांत तो सहसा नसतो, आणि त्याची कारणेही आपल्याला माहीत आहेत. कोसंबी जन्माने गौड सारस्वत ब्राह्मण होते, राजकारणात गांधींच्या जवळचे होते आणि त्यांचा शेवट सेवाग्रामच्या आश्रमात झाला. तरीही वर्षावासात आपण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो, तेव्हा सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण ऐकतो, म्हणजे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा, ते मराठी वाचकांपुढे पंधरा-सोळा वर्षे आधी कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मांडले होते. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये मूळची गौतमाची नाहीत, ती विपस्सी बुद्धाच्या कथेतून गौतमाच्या चरित्रात आली, हेही त्यांनी पाली आधाराने दाखवले. ज्याचे एवढे ऋण आपल्यावर आहे, त्याचे आयुष्य नीट माहीत करून घ्यायला हवे.

आम्ही ते एका प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहोत. वस्त्यांमधल्या युवा शिबिरांत आम्हाला हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. चांगले कशाला म्हणायचे आणि वाईट कशाला, हे एकदाचे सांगून टाका, म्हणजे वाद मिटेल. कोणी म्हणतो, हिंसा म्हणजे वाईट, विषय संपला. कोणी म्हणतो, बहुजनांचे हित ज्यात आहे ते चांगले, बाकी सगळा बामणी कावा. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला हेच वाद मोठ्या नावांनी शिकवले गेले. बेंथम आणि मिल परिणामाकडे बघतात, जास्तीत जास्त लोकांचे सुख कशात आहे ते मोजतात. कांट परिणामाकडे पाठ फिरवून कर्तव्याकडे बघतो, आणि जो नियम आपण सगळ्यांना लावू शकू त्याच नियमाने स्वतः वागा म्हणतो. परीक्षेत दोन्हींवर टिपा लिहिता येतात. पण प्रत्यक्ष काम करताना एकाच घरात दोन्ही मापे एकमेकांवर आपटतात. कोसंबी आम्हाला यासाठी महत्त्वाचे वाटतात की त्यांनी नीतीवर नुसते लिहिले नाही, एकेक माप हातात घेऊन ते त्या मापाने जगले. त्यांच्या आयुष्याच्या वळणांवर ते माप कमी पडत गेल्याचे दिसते, आणि पुष्कळदा ते त्यांच्याही लक्षात आले होते.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी पोर्तुगीज गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. घरी नारळाची बागायत होती. शाळेचे शिक्षण जेमतेम. चौदा-पंधराव्या वर्षी लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. १८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले आणि त्या काही पानांनी त्यांना पछाडले. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा असे त्यांनी ठरवले. भारतात तो शिकवणारे कोणी उरले नव्हते, याची त्यांना कल्पना नव्हती. १८९९ मध्ये पहिली मुलगी माणिक झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेवीस वर्षांच्या कोसंबींनी घर सोडले.

पुढची सात वर्षे भटकंतीची. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला. तिथून ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ मध्ये बुद्धधर्म सापडेल या आशेने ते पायी नेपाळात गेले, तिथे जे दिसले त्याने निराश होऊन बोधगयेला आले आणि तिथून सिलोनला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात उपसंपदा घेऊन भिक्खू झाले. खिशात पैसा नाही, ओळख नाही, इंग्रजी बेताचेच, अशा स्थितीत एक खेडवळ तरुण हे करतो. ही धडपड वाचताना कोणाचाही ऊर भरून येईल. १९२४ साली निघालेल्या ‘निवेदन’ या आत्मकथनात त्यांनी ती साध्या भाषेत सांगितली आहे.

पण त्या सात वर्षांत साखवाळकडे काय चालले होते? बाळाबाई तान्ह्या मुलीला घेऊन नातलगांच्या आधाराने दिवस काढत होत्या. नवरा जिवंत आहे, पण घरात नाही. विधवेलाही त्या काळी काही ठरलेली जागा असे, भले ती अपमानाची असो. अशा बाईला तीही नसे. आम्ही कामाच्या निमित्ताने अशा बायकांना रोज भेटतो. नवरा कामाला म्हणून गेला आणि परत आला नाही, अशा घरांची नोंद सरकारी फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. कोसंबी दारूपायी किंवा दुसऱ्या बाईपायी गेले नाहीत, ज्ञानासाठी गेले, हे खरे. घरी राहणाऱ्या बाईच्या चुलीला मात्र या फरकाचा उपयोग नसतो.

इथे बहुजनहिताचे माप लावले तर हिशेब सोपा होतो. एक बाई आणि एक मूल यांचे दुःख एका पारड्यात, महाराष्ट्राला परत मिळालेला बुद्ध दुसऱ्या पारड्यात. दुसरे पारडे जड होणारच. कुटुंबाच्या कर्तव्याचे माप लावले तर उलट निकाल लागतो, आणि ‘बालबोध’ वाचून झाल्यावर कोसंबींनी पुन्हा नारळ मोजत बसायला हवे होते असे म्हणावे लागते. आम्हाला दोन्ही निकाल पटत नाहीत. पहिल्यात बाळाबाई आकडा होऊन जातात. दुसऱ्यात कोणीच कधी घराबाहेर पडणार नाही.

बाबासाहेबांनी सिद्धार्थाचा गृहत्याग लिहिताना यावर फार विचार केलेला दिसतो. त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ मध्यरात्री चोरपावलांनी निघत नाही. तो आईवडिलांशी बोलतो, यशोधरेला सांगतो, आणि ती खंबीरपणे संमती देते. कोसंबींनीही पाली सुत्तांचा आधार देऊन गौतम उघडपणे, आईवडील रडत असताना निघाला, असेच मांडले. आता हे त्यांच्या स्वतःच्या गृहत्यागाशेजारी ठेवून पाहावे. कोसंबींचा निर्णय त्यांचा एकट्याचा होता. उघडपणे जाणाऱ्या बुद्धाची बाजू चाळीस वर्षांनी लिहिताना त्यांना साखवाळ आठवले असेल की नाही, हे आपण सांगू शकत नाही. आमच्या मते मात्र संमती ही तिसरीच कसोटी आहे. ती ना सुखाच्या बेरजेत मावते, ना कर्तव्याच्या नियमात.

१९०६ मध्ये कोसंबींनी चीवर उतरवले. आपल्याकडे चीवर सोडणे म्हणजे घसरणे मानतात. इथे तसे नव्हते. पाली शिकवायची तर नोकरी, पगार, प्रवास हे सगळे आले, आणि विनयाचे नियम पाळून ते करणे शक्य नव्हते. नियम मोडत चीवर अंगावर ठेवण्यापेक्षा ते उतरवून शिकवणे त्यांनी पसंत केले. कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात आणि मग विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. संसारही पुन्हा सुरू झाला. १९०७ मध्ये मुलगा दामोदर जन्मला, जो पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झाला. नंतर आणखी दोन मुली झाल्या.

कलकत्त्यात जम बसत असताना त्यांनी एक निर्णय घेतला, तो आम्हाला त्यांच्या सगळ्या निर्णयांत उजवा वाटतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना पन्नास रुपये देऊ केले. अट अशी, की महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कलकत्त्यात याहून कितीतरी जास्त पगार होता. कोसंबींनी पन्नास रुपये घेतले. का, तर आपल्या लोकांना आपल्या भाषेत बुद्ध सांगायचा होता. त्यातूनच १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक आले. ज्यांचा पगार संस्थेला मिळणाऱ्या देणग्यांवर चालतो, अशा आमच्यासारख्यांना हा प्रसंग वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते, हे सांगायला हरकत नाही.

त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले. हार्वर्ड विद्यापीठात बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूने अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी कोसंबींना बोलावले होते. तिथे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी त्यांचे बिनसले, आणि ते श्रेयावरून. मुखपृष्ठावर नाव कोणाचे, कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत, हा वाद होता. पन्नास रुपयांवर समाधान मानणारा माणूस इथे मात्र अडून बसला आणि १९१२ मध्ये काम टाकून परत आला. काहींना ही विसंगती वाटेल. त्यागी माणसाला नावाचा सोस कशाला? आम्हाला यात विसंगती दिसत नाही. स्वतःहून कमी घेणे वेगळे आणि दुसऱ्याने कमी देणे वेगळे. त्याग हेच एकमेव माप धरले तर राबणाऱ्याने नेहमी गप्प बसायचे आणि श्रेय वरच्याने घ्यायचे, असा त्याचा अर्थ होतो. आपल्या समाजाला हा त्याग शतकानुशतके शिकवला गेला आहे.

परत आल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी सहा वर्षे पाली शिकवली. पु. वि. बापटांसारखे अभ्यासक तिथे त्यांच्या हाताखाली तयार झाले. महाराष्ट्रात पाली विषय म्हणून रुजली, त्याची मुळे या सहा वर्षांत आहेत. विसुद्धिमग्गासाठी ते पुढे आणखी तीनदा अमेरिकेला गेले. १९१८ च्या फेरीत माणिक आणि दामोदर यांनाही बरोबर नेले. बाळाबाई या वेळीही मागेच राहिल्या.

१९१२ साली कोसंबींनी अशोकाच्या भाब्रू शिलालेखावर एक इंग्रजी लेख लिहिला होता. राजस्थानातल्या बैराटजवळ सापडलेल्या या लेखात अशोकाने भिक्खूंनी आणि उपासक-उपासिकांनी वरचेवर ऐकावेत असे सात धम्मपर्याय सांगितले आहेत. ते आजच्या त्रिपिटकात कुठे आहेत, याचा शोध कोसंबींनी त्या लेखात घेतला. सातांपैकी एक आहे राहुलाला केलेला उपदेश. मज्झिम निकायात तो अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्त म्हणून येतो. आमच्या मते बऱ्या-वाईटाच्या प्रश्नावर इतके कामाचे सुत्त दुसरे नाही.

त्यात तथागत राहुलाला आरशाचा दाखला देतात. शरीराने, वाणीने किंवा मनाने काहीही करण्याआधी तपासायचे, की याने मला त्रास होईल का, दुसऱ्याला होईल का, दोघांना होईल का. करत असताना पुन्हा तपासायचे. करून झाल्यावर पुन्हा तपासायचे, आणि चुकले असेल तर जाणत्या माणसापुढे उघड करायचे. यात परिणाम आहे, हेतू आहे, स्वतःचे हित आहे, दुसऱ्याचे हित आहे, आणि चारचौघांपुढे जबाबदारी घेणेही आहे. कोणतेही एक सूत्र सगळ्यांवर राज्य करत नाही. पाप आणि पुण्य यांपेक्षा अकुशल आणि कुशल हे शब्द पालीत जास्त कामाचे आहेत. कुशल म्हणजे चांगलेही आणि कसबीही. सुतार एकाच हत्याराने खुर्ची करत नाही.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा आरसा राहुलाला मिळाला, म्हणजे गृहत्यागानंतर मागे राहिलेल्या मुलालाच.

कोसंबींच्या आयुष्यात सगळ्यात मोठा गदारोळ झाला तो मांसाहारावरून. १९२२ ते १९२५ या काळात ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते. तिथे त्यांनी गुजरातीत एक लेख लिहिला. बुद्धाने शेवटच्या जेवणात सूकरमद्दव म्हणजे डुकराचे मांस खाल्ले, आणि त्या काळी जैन श्रमणही मांस वर्ज्य मानत नसत, असे त्यांनी जुन्या ग्रंथांच्या आधारे मांडले. जैन समाज खवळला. पुढे ‘भगवान बुद्ध’मध्येही त्यांनी ते प्रकरण घातले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमीने ग्रंथाची भाषांतरे काढली तेव्हाही तो वाद उठला. स्वतः अहिंसेचा एवढा पुरस्कर्ता असलेला माणूस हे का लिहितो, असे लोकांना वाटले. कारण सरळ होते. पुरावा तसा होता, आणि अहिंसेची शोभा राखण्यासाठी सत्याला मुरड घालायची त्यांची तयारी नव्हती.

बुद्धाने स्वतः या बाबतीत एकच सरसकट नियम केला नाही. आपल्यासाठी मारताना पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस भिक्खूने घेऊ नये, एवढेच विनय सांगतो. देवदत्ताने मांसाहार कायमचा बंद करा म्हणून आग्रह धरला, तेव्हा तथागतांनी ज्याला सोडायचे त्याने सोडावे म्हटले, सक्ती नाकारली. आणि आपल्याकडचे उदाहरण घ्या. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडा म्हणून सांगितले. मेलेल्या जनावराच्या मांसासाठी नव्याने हत्या होत नाही. म्हणजे हिंसेच्या मापाने ते मांस निर्दोष ठरेल. बाबासाहेबांनी तिथे माप लावले ते माणसाच्या इभ्रतीचे आणि गुलामीचे. आज ताटात काय आहे यावरून भाडेकरू नाकारणारे लोक अहिंसेचे नाव घेतात, तेव्हा एकाच मापाने नीती मोजण्याचा धोका आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

१९२९ मध्ये कोसंबी रशियात गेले आणि लेनिनग्राडमध्ये काही काळ पाली शिकवली. समाजवादाकडे त्यांचा ओढा आधीपासूनच होता. १९३० मध्ये परत आले ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले, विलेपार्ल्याच्या छावणीत काम केले, ठाण्याच्या तुरुंगात गेले. क्रांतीचा देश पाहून आलेला माणूस लगेच सत्याग्रही होतो, ही उडी अनेकांना कळली नाही. १९३५ च्या ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ या ग्रंथात तिचा खुलासा मिळतो. त्यातला मुख्य विचार आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. नुसती अहिंसा आंधळी होऊ शकते. ती राजेरजवाड्यांच्या आणि सावकारांच्या सोयीची होते, कारण दुःख कुठून निर्माण होते हे ओळखणारी प्रज्ञा तिच्याजवळ नसते. समाजवाद्यांकडे ती प्रज्ञा आहे, मालकी आणि शोषण यांचा हिशेब त्यांना कळतो, पण त्यांच्याजवळ अहिंसा नाही. प्रज्ञा आणि अहिंसा एकत्र आल्याशिवाय मार्ग नाही. ज्या विसुद्धिमग्गावर त्यांनी आयुष्याची इतकी वर्षे घातली, त्याची रचनाही शील, समाधी आणि प्रज्ञा अशी तिहेरी आहे. शील पहिले येते, पण ग्रंथ तिथे संपत नाही.

हा विचार आम्हाला मोलाचा वाटतो. तो पुढे नेताना कोसंबी स्वतः कुठे थांबले, तेही सांगायला हवे. १९३७ च्या सुमारास मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा राहिला. दलित कामगारांना धम्म कळावा म्हणून कोसंबींनी तो काढला, काही काळ ते तिथे राहिले. येवल्याची घोषणा होऊन दोनच वर्षे झाली होती. ही वेळ किती मोठी होती ते आपण जाणतो. पण विहाराला पैसा जुगलकिशोर बिर्लांचा होता आणि कोसंबींची निष्ठा गांधींकडे. पुणे कराराची जखम ओली असताना आपल्या लोकांनी त्या विहाराकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना करायला इतिहासकार लागत नाही. हेतू शुद्ध होता यात आम्हाला शंका नाही. पण देणारा कोण, घेणारा कोण आणि निर्णय कोणाचा, हेही प्रज्ञेचेच प्रश्न आहेत. शोषणावर इतके स्पष्ट लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या विहाराला ते पुरेसे विचारले नाहीत, असे आमचे मत आहे. धम्मदीक्षा झाली ती १९५६ मध्ये, नागपुरात, आणि ती समाजाने स्वतःच्या पायांवर उभे राहून घेतली.

आता शेवटची वर्षे. यांबद्दल लिहिणे अवघड आहे आणि टाळणे योग्य नाही. उतारवयात कोसंबी पार्श्वनाथाच्या चातुर्यामाकडे वळले. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह ही ती चार व्रते. बुद्धाच्या मार्गाचीही मुळे तिथे आहेत आणि जगाच्या समाजवादालाही त्यांचाच आधार लागेल, असे त्यांना वाटू लागले. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक त्यांनी याच काळात लिहिले. प्रकृती ढासळत होती. ज्या शरीराने दुसऱ्याचे काम होत नाही आणि ज्याचा भार दुसऱ्यावर पडतो ते ठेवू नये, असा त्यांनी निष्कर्ष काढला. १९४६ मध्ये संयुक्त प्रांतात त्यांनी प्राणांतिक उपवास सुरू केला. गांधींनी आग्रह करून तो सोडायला लावला. १९४७ च्या मे महिन्यात सेवाग्रामला त्यांनी पुन्हा अन्न सोडले आणि ४ जूनला त्यांचे निधन झाले. देश स्वतंत्र व्हायला अडीच महिने उरले होते.

जैन परंपरेत याला सल्लेखना म्हणतात आणि तो मोठा आदर्श मानतात. त्या परंपरेबद्दल आम्ही काही बोलणार नाही. कोसंबी मात्र आपले आचार्य होते, त्यामुळे धम्माच्या आरशात हे पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. विनयातली तिसरी पाराजिका कशी आली ते आठवावे. तथागतांनी भिक्खूंना अशुभ भावना शिकवली होती, शरीराच्या किळसवाण्या बाजूचे चिंतन. काही भिक्खूंनी तेवढे एकच टोक धरले. शरीराचा इतका वीट आला की त्यांनी जीव दिले, कोणी दुसऱ्याकडून स्वतःला मारवून घेतले. एकांतातून परतल्यावर तथागतांनी विचारले, संघ एवढा विरळ का दिसतो? कारण कळल्यावर त्यांनी भिक्खूंना आनापानसती शिकवली, श्वासाची जाणीव, जिने मन शांत होते. मनुष्याचा जीव घेणे किंवा मरणाची स्तुती करून कोणाला मरायला प्रवृत्त करणे याला संघातून बाहेर काढण्याचा दंड ठरवला. शिकवण खुद्द तथागतांची होती, खरी होती, तरी एकटी पडल्यावर तिने घात केला, आणि त्यांनी तिच्या जोडीला दुसरी दिली.

अपरिग्रह हे चांगले मूल्य आहे. पण ते एकटेच शरीरापर्यंत नेले, की म्हातारा माणूस स्वतःलाच ओझे समजू लागतो. आमच्या कामात आम्हाला असे म्हातारे भेटतात. त्यांनी चातुर्यामाचे नावही ऐकलेले नसते. गिरणीत नाहीतर नगरपालिकेत आयुष्यभर राबलेले असतात, आता गुडघे चालत नाहीत, औषधाला पैसे मुलाकडे मागावे लागतात, आणि ते हळूच म्हणतात की आता आमचा कोणाला काय उपयोग. त्यांच्यासमोर आम्ही कोसंबींच्या मृत्यूची थोरवी सांगू शकत नाही. सांगू नयेच. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरत नाही, हे तर आपल्या चळवळीचे पहिले म्हणणे आहे. ज्या व्यवस्थेने आपल्या बापजाद्यांना केवळ उपयोगाच्या मापाने मोजले, तिच्याविरुद्धच आपण उभे राहिलो. कोसंबींच्या धैर्याबद्दल आदर ठेवूनही त्यांचा हा शेवटचा निष्कर्ष आम्ही नाकारतो. गांधींनी १९४६ मध्ये त्यांना थांबवले, ते बरोबर केले असे म्हणतो.

कोसंबींच्या पश्चात १९४९ मध्ये त्यांचे चातुर्यामावरचे पुस्तक निघाले. त्याच वर्षी ‘बोधिसत्त्व’ हे नाटकही छापले गेले. त्यात पाण्यावरून भांडणारे शाक्य-कोलिय आहेत आणि शस्त्र उचलायला नकार देणारा तरुण आहे. हार्वर्डचा विसुद्धिमग्ग १९५० मध्ये बाहेर पडला. त्यावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधन करून सुधारणारा म्हणून कोसंबींचे नाव आहे. बाळाबाईंचे नाव कोणत्याही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाही.

येत्या ४ जूनला ज्या विहारांना शक्य असेल त्यांनी संध्याकाळी तासभर ‘निवेदन’मधला गोव्याचा भाग वाचावा आणि त्यासोबत राहुलोवाद सुत्त घ्यावे. वाचायला एखाद्या महिलेला बसवावे. मग बाळाबाईंबद्दल, पन्नास रुपयांबद्दल, परळच्या विहाराबद्दल आणि सेवाग्रामबद्दल तरुणांना बोलू द्यावे. वक्ता बोलावण्याची गरज नाही. वाद झाला तर होऊ द्यावा, आणि वस्तीतल्या आजी-आजोबांना त्या दिवशी घरून विहारापर्यंत आणण्याची व्यवस्था आधी करून ठेवावी.